काठीवालीचे तळवे

१

ओहोटी लागली की किनाऱ्यावरून बायकांची रांग चिखलात उतरायची, आणि रांगेच्या तोंडाशी काठीवाली. तिच्यामागे तिची सून, सुनेमागे टकळी, टकळीमागे बाकीच्या. प्रत्येकीच्या कमरेला दोरी, दोरीला टोपली, आणि टोपली चिखलावरून मागे घसटत यायची. काठीवालीच्या पावलाचा ठसा उमटला की त्याच ठशात सून पाऊल ठेवायची, त्याच ठशात टकळी. शेवटची बाई जाईपर्यंत ठशाचा खड्डा व्हायचा, पण कुणी वीतभर बाजूला पाय टाकत नसे. नवीन आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचे. नजर मावशीच्या टाचेवर, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

कारण तिथला चिखल दिसायला सगळीकडे सारखाच होता. राखाडी, चकचकीत, वर पाण्याचा पातळ पापुद्रा. काही ठिकाणी त्याच्याखाली घट्ट वाळू होती आणि काही ठिकाणी काहीच नव्हतं. या दुसऱ्या जागेला बायका नुसतं 'पोकळ' म्हणत. पोकळ एका जागी राहत नसे, दर भरतीला सरकायचा. एका वर्षी एक कुत्रं खेकड्यामागे धावत नेमकं त्यात गेलं. बायका कडक पट्ट्यावर उभ्या, कुत्रं मानेपर्यंत आत, आणि तरी त्यांच्याकडे बघून कान हलवत होतं. मग भरती आली. त्या दिवशी परतताना टकळीसुद्धा गप्प होती. टकळी गप्प म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्याला विचारा.

पोकळ डोळ्याला कळत नाही आणि काठीला उशिरा कळतो. तो कळतो तळव्याला. काठीवालीची काठी मिरवण्यापुरती होती, खरं काम तिचे तळवे करायचे. पाय टेकला की तिला समजे, खाली वाळू आहे की नुसतं पाणी, शिंपल्या आहेत की रिकामी कवचं. जिवंत शिंपली पायाखाली आली की तोंड मिटते. ती बारीकशी हालचाल तिला टाचेतसुद्धा जाणवायची.

"माझ्या पायाखाली कुणी तोंड मिटलं तर मला कळतं," ती म्हणायची, "आणि माझ्यासमोर कुणी उघडलं तरी कळतं."

यावर सगळ्या हसायच्या, सून सोडून. सुनेने तोंड उघडलं त्याचे सगळे प्रसंग काठीवालीला पाठ होते.

त्या वर्षी हंगाम सुरू झाला, समुद्र निवळला, पाणी कोमट झालं, आणि काठीवालीचे तळवे मुके झाले. आधी मुंग्या आल्या, मग पायात जाड मोजे असल्यासारखं वाटू लागलं, आणि मग तेही वाटेनासं झालं. तिने कुणाला सांगितलं नाही. रांगेच्या तोंडाशी जागा एकच असते. ती तिला सासूच्या मरणानंतर मिळाली होती आणि स्वतःच्या मरणाआधी सोडायचा तिचा विचार नव्हता. ती जुन्या, पायाखालच्या पट्ट्यानेच रांग नेऊ लागली, पावलागणिक काठी खुपसू लागली. तिथल्या शिंपल्या कधीच वेचून झाल्या होत्या. टोपल्या अर्ध्या रिकाम्या परत यायच्या.

"मावशी, हल्ली काठीचे फार लाड चाललेत," टकळी म्हणाली.

"तुझ्या जिभेपेक्षा बरी आहे ती," काठीवाली म्हणाली. "टेकली की थांबते."

बायका हसल्या. पण ती हसली नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकीचा जीव तिच्या तळव्यांवर उभा होता, आणि तळवे तर नव्हतेच.

२

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मुलाची खाट. मुलगा मोठ्या बोटीवर कामाला, हंगाम संपेपर्यंत त्याचं तोंड दिसायचं नाही. मागच्या खोलीत ओटा, नळ आणि फरशी. सुनेला फरशी पुसायचं वेड होतं. शिंपल्या घरात आल्या की चिखल यायचाच, आणि चिखल आला की सून ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसायचीच. पुसत पुसत ती सासूच्या पाटापाशी पोचायची आणि म्हणायची, "आई, पाय वर घ्या."

काठीवाली पाय वर घ्यायची, पण लगेच नाही. आधी एखादी शिंपली सोलायची, मग खिडकीतून बाहेर बघायची, मग जांभई द्यायची. सून फडकं धरून तशीच बसून राहायची. वाट बघायला लावण्यातली ही गंमत काठीवालीने कुणाला सांगितली नव्हती. सुनेनेही कधी कुणाला सांगितली नसावी.

त्या दिवशी शिंपल्या उकडून पातेलं खाली उतरवलं होतं. काठीवाली पाटावर बसून एकेक शिंपली सोलत होती. सून ओट्यापाशी होती. तिने मान वळवून वास घेतला.

"आई, काही करपतंय का?"

"तुझं नशीब करपत असेल. गॅस बंद आहे."

सुनेने शेगडी पाहिली, ओटा पाहिला, मग खाली पाहिलं. फडकं टाकून ती धावली आणि सासूचा पाय दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला. उजवा तळवा पातेल्याला टेकलेला होता, कधीपासून कोण जाणे. पाय आला, पण कातडीचा एक तुकडा पातेल्यावरच राहिला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा वाळत गेला. काठीवाली त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"दुखत नाही?"

"दुखायला मी तुझ्यासारखी लोण्याची नाही."

सुनेने मलम लावलं, पट्टी बांधली. बांधता बांधता, मान वर न करता ती म्हणाली, "आई, उद्यापासून काठी मी घेऊ का? मी पुढे चालते, तुम्ही मागून सांगा. कुणाला काही कळायची गरज नाही."

ती हे मनापासून म्हणत होती. काठीवालीला ते कळलं, आणि तेच तिला सहन झालं नाही. कुणी वाईट बोललं असतं तर तिने ते परतवलं असतं. चांगुलपणाला काय परतवणार?

"तुझे पाय फरशी पुसायला बरे आहेत," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, एक मूल पोटात ठरलं नाही. आणि निघाली वाट दाखवायला."

सुनेने पट्टीची गाठ मारली. फडकं उचललं, पिळलं आणि पातेल्याभोवतीचं पाणी पुसायला घेतलं.

"आई, पाय वर घ्या," ती म्हणाली.

३

जखम भरेपर्यंत घरी बसायला हवं होतं. पण घरी बसली असती तर काठी दुसऱ्या कुणीतरी उचलली असती. काठीवालीने किनाऱ्यावर पट्टी सोडली, कनवटीला खोचली आणि चिखलात उतरली. खाऱ्या पाण्याने जखम झोंबायला हवी होती. झोंबली नाही.

कडक पट्टा संपला तिथे ती थांबली. पुढे राखाडी चकाकी, सगळीकडे एकसारखी. तिने काठी खुपसली. काठीने काहीच सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते तिला समजलं नाही. मागे रांग थांबली. टोपल्या घसटायचा आवाज थांबला.

"मावशी, काय रुतलं?" टकळी मागून म्हणाली. "पाय की विचार?"

तेवढ्यात तिला ठसा दिसला.

तिच्या पावलासमोर, न तुडवलेल्या चिखलात, एक डावा ठसा होता. कडा ताज्या, आत पाणी जेमतेम पाझरायला लागलेलं. त्याच्यापुढे उजवा. त्याच्यापुढे पुन्हा डावा. ठसे समुद्राकडे जात होते. परत येणारे नव्हते.

तिने किनाऱ्याकडे पाहिलं. त्यांच्याआधी कुणी उतरलं नव्हतं. कालचे म्हणावेत तर मधे भरती येऊन गेली होती. आणि या जागेवरून तर पाणी आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत मागे सरलं होतं. तिने खाली वाकून पाहिलं. डाव्या ठशाला करंगळी नव्हती.

काठीवालीच्याही डाव्या पायाला नव्हती. लग्नाआधी होडीचा नांगर पडून तुटली होती.

माझाच ठसा आहे, तिने स्वतःला समजावलं. एक पाऊल पुढे टाकलं असेल, पुन्हा मागे घेतलं असेल, आणि विसरले असेन. म्हातारपणी माणूस डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो. पण एक ठसा तिचा असेल, पुढचा कुणाचा? आणि त्याच्या पुढचा?

मागे सून हलकेच म्हणाली, "आई?"

त्या आवाजातली काळजी तिला बोचली. तिने डावा पाय उचलून ठशात ठेवला. बरोबर बसला, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. मग उजवा. चिखलाने तिला तोलून धरलं. मागे सुनेला दिसले ते सासूचे ठसे, टकळीलाही तेच. ते तिच्याआधी तिथे होते, हे एकट्या काठीवालीला माहीत होतं.

ठसे जिथे थांबले तिथे शिंपल्या होत्या. हात घालावा तिथे शिंपल्या, एकावर एक. टोपल्या भरून वर पदरात बांधायची वेळ आली.

"मावशी, तुमचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं," टकळी म्हणाली.

"नळाचं आहे ना घरी," काठीवाली म्हणाली, "ते पी आधी."

परत येताना ती आपल्याच मोठ्या झालेल्या ठशांतून आली. खूश होती. घाबरलेलीही होती, पण खूश जास्त होती.

४

सून तिला पाय भाजल्याच्या निमित्ताने दवाखान्यात घेऊन गेली. बाकडं, पडदा, कुरकुरणारा पंखा. डॉक्टर तरुण होता. त्याने साखर तपासली, जखम पाहिली आणि नाक मुरडलं. मग तिला टेबलावर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले.

"मावशी, मी तळव्याला सुई टोचणार. टोचली असं वाटलं की 'आता' म्हणा."

काठीवालीने डोळे मिटले. पंखा कुरकुरत होता. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकत होतं.

"आता," ती म्हणाली. तिला खरंच जाणवलं होतं. किती दिवसांनी जाणवलं होतं. "आता." डाव्या पायाला. "आता." उजव्या. "आता. आता."

तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. गार, मऊ, बोटांच्या फटीतून वर येणारं. तिच्या ओळखीचंच काहीतरी. आता. आता. आता. एकामागून एक, सावकाश, न चुकता.

"मावशी," डॉक्टर म्हणाला, "सुई अजून माझ्या हातात आहे."

तिने डोळे उघडले. डॉक्टर टेबलापासून लांब उभा होता. सून पायांशी उभी होती आणि सासूच्या तोंडाकडे बघत होती.

मग त्याने सुई टोचली. तळव्यावर रक्ताचा थेंब आला. काठीवालीला काही वाटलं नाही. "नसा गेल्या आहेत," डॉक्टर सुनेला म्हणाला, "अनवाणी चालू देऊ नका."

घरी येताना वळणावर समुद्र दिसला. भरती होती, चिखलावर पाणी चढलं होतं. सुनेने विचारलं, "आई, तुम्ही 'आता' म्हणत होतात ते... कुणी चालत असल्यासारखं म्हणत होतात."

"तुझे कान तपासून घ्यायला हवे होते," काठीवाली म्हणाली. पण तिलाही तोपर्यंत ते कळलं होतं. जे जाणवत होतं ती सुई नव्हती. ती पावलं होती. तिच्याच तळव्यांनी, तिच्याविना, पाण्याखाली कुणीतरी चालत होतं.

५

हंगाम चढत गेला. रोज ठसे असायचे, रोज ठशांच्या शेवटी शिंपल्या असायच्या, आणि एकदाही वाट चुकली नाही. पलीकडच्या वस्तीतल्या बायका येऊन काठीवालीचे पाय बघून जाऊ लागल्या. ती त्यांना ते दाखवायचीसुद्धा. भीती माणसाला किती दिवस पुरते? पोटभर मिळायला लागलं की भीतीही घरातल्या मांजरासारखी होते, असते तिथे कोपऱ्यात.

दुपारी ती खाटेवर पाय वर घेऊन बसायची आणि डोळे मिटायची. भरतीच्या वेळी तळवे जागे व्हायचे. गार चिखल, मग खरखरीत वाळू, मग कालवांचे खडक. तिला बरं वाटायचं. आपलं हरवलेलं काहीतरी शेजारच्या अंगणात फिरताना दिसावं, तसं. दुखलं तर दुखू दे, फिरतंय ना.

एका दुपारी तळव्यांना वाळू लागली, कोरडी आणि तापलेली. मग डांबरी रस्ता. काठीवालीने डोळे उघडले. ती खाटेवर होती, पाय खाटेवर होते, पुढचं दार उघडं होतं आणि दारात कुणी नव्हतं. तळव्यांना गुळगुळीत गारवा लागला. ओली फरशी. नुकतीच पुसलेली.

ती श्वास रोखून बसली. घरात घड्याळाशिवाय कसलाही आवाज नव्हता. तळवे सावकाश चालत होते. फरशी, उंबऱ्याचं लाकूड, पुन्हा फरशी. मागच्या खोलीत, चटईवर सून झोपली होती. चटईच्या काड्या लागल्या. मग काहीतरी मऊ, दाट, थोडं ओलसर. डाव्या पायाखाली. आणि पाय तिथेच उभा राहिला.

मागच्या खोलीत सून दचकून उठली. डोक्यामागे हात धरून ती दारात आली. सासूला खाटेवर बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"आई, तुम्ही आत आला होतात का?"

"मी? इथून हलले नाही मी."

"कुणीतरी माझ्या केसांवर पाय दिला."

काठीवालीला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण काय सांगणार? माझा पाय होता, पण मी नव्हते? सुनेने तिला मुलगा येईपर्यंत कोंडून ठेवलं असतं. "झोपेत केस अडकले असतील," ती म्हणाली. "मोकळे सोडून झोपायला कुणी सांगितलं?"

मात्र त्या दिवसापासून तिचं अन्न गोड लागेना. सून कितीही लोण्याची असली तरी घरातली होती. पाय भाजला तेव्हा तिनेच ओढून काढला होता. ती घरात असताना काठीवाली आता पाय मांडी घालून दाबून धरायची, जणू तसं केल्याने ते कुठे जायचे थांबणार होते. विचार करकरून तिने एक हिशेब मांडला. ते पुढे चालतं, कारण मी पुढे चालते. मी काठी सोडली की त्याला पुढे चालायचं कारणच उरणार नाही. जाईल आल्या वाटेने.

काठी सोडायला मन घेत नव्हतं. पण तिने सोडली.

६

हंगामातली शेवटची मोठी ओहोटी होती. समुद्र इतका मागे जायचा की एरवी कधी न दिसणारा पलीकडचा उंचवटा उघडा पडायचा. त्यावरच्या शिंपल्या तळहाताएवढ्या असत. सकाळी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर काठीवालीने काठी सुनेच्या हातात दिली.

"घे," ती म्हणाली. "मी मागून सांगते. पुढे बघून चाल, आणि मेहेरबानी करून शहाणपणा करू नकोस."

सुनेने काठी घेतली. तिने काठीकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि वाकून नमस्कार केला. काठीवालीने उगाच टोपलीची दोरी घट्ट केली.

"आज सूर्य कुठून उगवला ते बघा गं कुणीतरी," टकळी म्हणाली.

रांग निघाली. पुढे सून, मागे काठीवाली. कडक पट्ट्यावर सून छान चालली. पाय टेकायची, थांबायची, अंदाज घ्यायची, मग भार टाकायची. कुणी न शिकवता शिकली होती, टाचांकडे बघून बघून. काठीवालीला वाटलं, हे हिला आधीच द्यायला हवं होतं. तळवे शांत होते. तिला हायसं वाटलं.

पट्टा संपला. सून थांबली. मग ती मागे वळली, आणि तिच्या तोंडावर असं हसू होतं जे काठीवालीने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही आधीच येऊन माझ्यासाठी वाट करून ठेवलीत?"

काठीवालीने तिच्या खांद्यावरून पाहिलं. ठसे होते. डावा, उजवा, डावा. करंगळीविना. सरळ उंचवट्याकडे जाणारे.

"बघा," टकळी मागे वळून बाकीच्यांना सांगत होती, "आणि आपण म्हणतो मावशीला सुनेची माया नाही. अंधारात उठून येऊन पावलं उमटवून गेली."

बायका कौतुकाने बोलू लागल्या. सून अजून हसत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. काठीवालीने तोंड उघडलं. ते माझे नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. त्यात पाय ठेवू नकोस, तुझ्या तळव्याने बघ. पण मग सगळं सांगावं लागलं असतं, पूर्ण हंगामाचं. आणि सगळ्या तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेने तिच्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. शिवाय ठसे आजवर चुकले होते का? एकदाही नाही.

"चल," ती म्हणाली. "बडबड नको. भरती तुझ्यासाठी थांबणार नाही."

सून वळली. आता ती अंदाज घेत नव्हती, थांबत नव्हती. सासूच्या ठशांत अंदाज कशाला घ्यायचा? एक पाऊल, दुसरं, तिसरं. काठीवाली तिच्यामागे जायला पाय उचलणार, तोच सून कमरेपर्यंत आत गेली. आवाजही फार झाला नाही.

७

सगळ्यांनी कमरेच्या दोऱ्या सोडल्या, एकीला एक गाठी मारल्या. टकळीने टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर पालथं पडून फास फेकला. सुनेने तो काखेतून ओढून घेतला. ती ओरडली नाही. हात पसरून ठेवायचे, पाय झाडायचे नाहीत, हे तिला माहीत होतं. बायकांनी पट्ट्यावर उभं राहून दोरी ओढायला घेतली. काठीवाली सगळ्यांत पुढे होती. दूरवर पाणी पलटल्याचा आवाज येत होता.

"येतेय," टकळी म्हणाली. "हळू. येतेय ती."

खरंच येत होती. कंबर दिसली. आणि त्या क्षणी काठीवालीचे तळवे जागे झाले.

ती घट्ट वाळूवर उभी होती, पण पायांखाली वाळू नव्हती. ओलं कापड होतं. कापडाखाली ऊब होती, आणि उबेखाली हाडं. गळ्याजवळची, खांद्याची. दोन्ही पाय दोन बाजूंना, नीट रोवलेले.

तिने सुनेकडे पाहिलं. ब्लाउजचं कापड दोन्ही खांद्यांवर आत दबलं होतं. चिखलाचं पाणी त्या दोन खळग्यांत साचत होतं. डाव्या खळग्याला चारच बोटं होती.

"ओढा," टकळी म्हणाली. "का थांबलात?"

सून खाली जाऊ लागली. काठीवालीने उजवा पाय उचलला. तसा सगळा भार डाव्यावर गेला आणि सुनेचा एक खांदा कलला. तिने उजवा टेकवून डावा उचलला. दुसरा कलला. मग तिने दोरी सोडली, चिखलात बसकण मारली आणि दोन्ही पाय हवेत धरले, लहान मूल हट्टाला पेटावं तसे. बायकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. एकीने तिच्या थोबाडीत मारली.

भार कमी झाला नाही.

सून दोरीकडे बघत नव्हती, टकळीकडे बघत नव्हती. ती सासूकडे बघत होती. आवाज चढवला नव्हता. रोजच्यासारखीच म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं.

"आई, पाय वर घ्या."

आणि मग ती थांबली. तिला वाट बघायची सवय होती.

पाणी आलं तेव्हा टकळीने काठीवालीला बखोटीला धरून मागे ओढलं. बाकीच्यांनी दोरी शेवटपर्यंत धरली होती. शेवटी ती सोडावी लागली.

८

मुलगा आला. त्याने आईला काही विचारलं नाही, जे विचारायचं ते टकळीला विचारून घेतलं. आता काठी टकळीकडे आहे, बरी चालते म्हणतात. तळवे अजून जागे आहेत तिचे.

काठीवाली पुढच्या खोलीत खाटेवर असते. पाय उशीवर, उशी लोखंडी पेटीवर. खाली टेकवत नाही. जेवण तिथे, बाकीचं सगळं तिथेच. बघायला येणाऱ्या बायकांना वाटतं दुःखाने असं झालं असेल, आणि त्या तिचे तळवे चोळून देतात. ते तिला कळत नाही. डॉक्टरने पुन्हा सुई टोचली, तीही कळली नाही. एकच गोष्ट कळते. केस, मग भांगाची रेघ, मग कपाळ. दिवसभर, भरती असो की ओहोटी.

घरात चिखल यायचा बंद झाला आहे, तरी मुलगा रोज फरशी पुसतो. बायको पुसायची म्हणून असेल. काल तो गुडघ्यांवर बसून पुसत पुसत खाटेपाशी आला आणि खाली बघूनच म्हणाला, "आई, पाय वर घे."

मग त्याने मान वर केली. पाय वरच होते. त्याने फडकं बादलीत पिळलं आणि दुसऱ्या खोलीत गेला.

काठीवाली भिंतीकडे बघत होती. तिच्या डाव्या तळव्याखाली काहीतरी हललं. शिंपली पायाखाली आली की एकदाच हलते, तोंड मिटते, संपलं. हे मिटलं आणि उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. ओठ होते. आयुष्यभर तळव्यांनी ओळखत आलेल्या बाईला ओठांवरचे शब्द ओळखायला कितीसा वेळ लागणार.

तिने गुडघे पोटाशी घेतले, पाय आणखी वर घेतले, छातीपर्यंत. ओठ थांबले. थोडा वेळ वाट बघितली. मग पुन्हा तेच म्हणाले.